हानशी गुंडाळीची मराठी वाचनपट्टी : प्रकल्प नोंदी

8 जानेवारी

काम ठरलं. अकराव्या शतकातले चिनी कवी सू शी यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेल्या ह्वांगजौ गावच्या, हानशी म्हणजे थंड अन्नाच्या सणावरच्या दोन कवितांची गुंडाळी. तिची मूळ मापातली छापील प्रतिकृती टेबलावर उलगडायची आणि खालच्या कडेला लागून एक मराठी पट्टी ठेवायची. चिनी न येणाऱ्या वाचकानं वर अक्षर पाहावं, खाली अर्थ वाचावा आणि नजर पुन्हा वर न्यावी. कवितांची भाषांतरं इंग्रजीत भरपूर आहेत आणि गुंडाळीची छायाचित्रंही सहज मिळतात. पण दोन्ही एका नजरेत येतील असं मराठीत काही हाताशी नाही. या लेखात शब्द जे सांगतात त्याच्या जोडीनं हातही काहीतरी सांगतो. दोन्ही एकत्र वाचले तरच ही गुंडाळी वाचली, असं मला मनापासून वाटतं. पट्टी त्यासाठीच.

मूळ गुंडाळी तैपेईच्या नॅशनल पॅलेस म्युझियममध्ये आहे. जुना कागद उजेडानं झिजतो म्हणून ती अधूनमधून काही आठवडेच मांडतात आणि मग पुन्हा दीर्घ काळ अंधारात विश्रांतीला ठेवतात. आपलं काम प्रतिकृतीवर आणि संग्रहालयानं खुल्या केलेल्या प्रतिमांवर चालेल. कागदाची उंची 34 सेंटिमीटरच्या आसपास, कवितेच्या ओळी सतरा.

चिनी परंपरेत धावत्या लिपीतल्या थोर लेखांमध्ये हिचा क्रमांक तिसरा लावतात. पहिला वांग शीजी यांचा 353 सालचा 'ऑर्किड मंडपा'चा लेख. त्याची मूळ प्रत हरवली, आज आहेत त्या फक्त नकला. दुसरा यान झेनछिंग यांनी मारल्या गेलेल्या पुतण्यासाठी 758 मध्ये लिहिलेला शोकलेखाचा मसुदा. तिसरी ही. वरच्या दोन्हींत आणि हिच्यात एक गोष्ट सारखी आहे : तिन्ही लेख मसुदे म्हणून ओळखले जातात. सुवाच्य प्रत करायला बसलेल्या माणसाचं हे अक्षर नाही.

11 जानेवारी

पहिली अडचण दिशेची. चिनी ओळ वरून खाली जाते आणि ओळी उजवीकडून डावीकडे सरकतात. गुंडाळी उघडतेही तशीच : डाव्या हातानं पुढचा भाग सोडायचा, उजव्या हातानं वाचून झालेला गुंडाळत जायचं, डोळ्यांपुढे हातभर कागद. मराठी नेमकी उलटी.

ताईंनी (चिनी शिकवण्यात त्यांची हयात गेली आहे, अभिजात चिनीचा सगळा भार त्यांच्यावर) सरळ सांगितलं, "अगं, गुंडाळीला आपल्या सोयीनं फिरवू नकोस. आपण तिच्याकडे जायचं." मग असं ठरलं : प्रत्येक उभ्या ओळीच्या खाली मराठीचा एक लहान चौकोन. चौकोनाच्या आत मजकूर नेहमीसारखा डावीकडून उजवीकडे, पण चौकोन मात्र उजवीकडून डावीकडे लागत जाणार. वाचकाला पहिल्या दोन चौकोनांत अडखळायला होईल, तिसऱ्यापासून सवय होईल.

दुसरा पेच असा की सूंच्या उभ्या ओळी कवितेच्या चरणाप्रमाणे मोडत नाहीत. कागद संपला की ओळ संपते. 'हानशी' हा शब्दच दोन ओळींत विभागला गेलाय. मराठी वाक्यही तिथेच तोडायचं का? तोडायचं, जमेल तिथे. चरणांची स्वच्छ मांडणी पट्टीच्या मागच्या बाजूला देऊ.

19 जानेवारी

पार्श्वभूमीचा मजकूर लिहायला घेतला. पट्टीच्या सुरुवातीला एक लहान परिच्छेद एवढीच जागा आहे, इथे मात्र सविस्तर लिहून ठेवते.

सू शी जन्मले 1037 मध्ये, सिचुआनमधल्या मेइशानला. विशीत परीक्षा गाजवली, पुढे सरकारी नोकरी, कवी म्हणून मोठं नाव. प्रधान वांग आनशी यांच्या नव्या धोरणांना त्यांचा विरोध होता आणि तो कवितांतून उतरत होता. 1079 मध्ये हूजौच्या कचेरीतून त्यांना पकडून राजधानी काइफंगला नेलं. कवितेतल्या ओळी पुरावा म्हणून एकेक करून पुढे ठेवल्या गेल्या, प्रत्येकीचा अर्थ त्यांच्याकडून वदवून घेतला गेला. मृत्युदंडाची भीती खरी होती. काही महिने कोठडीत काढल्यावर सुटका झाली ती ह्वांगजौला हद्दपारीच्या हुकमानं. हुद्दा नावापुरता; कागदांवर सही करण्याचा अधिकार नाही. ज्यांनी त्यांच्याशी कवितांची देवाणघेवाण केली होती त्यांनाही शिक्षा झाल्या. कवी आणि सुलेखनकार ह्वांग थिंगज्येन यांना तांब्याच्या रूपानं दंड भरावा लागला. हे नाव लक्षात ठेवायचं, पुढे यायचं आहे.

1080 च्या आरंभी ते ह्वांगजौला पोचले. आजच्या हूबेइ प्रांतातलं ह्वांगगांग, यांगत्सेच्या उत्तर काठावर. पगार जवळपास नाहीच. कवी छिन ग्वान यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी घरखर्चाची रीत सांगितली आहे : दर महिन्याच्या पहिल्या दिवशी 4500 नाणी काढायची, त्यांचे तीस भाग करून तुळईला टांगायचे, रोज सकाळी चित्र टांगायच्या काठीनं एक भाग खाली घ्यायचा आणि काठी लपवून ठेवायची. दिवसाचे उरलेले पैसे एका बांबूच्या नळकांड्यात, पाहुण्यांसाठी. पुढच्या वर्षी एका मित्राच्या खटपटीनं जुन्या छावणीची पडीक जमीन कसायला मिळाली. ती गावाच्या पूर्वेच्या उतारावर होती, म्हणून स्वतःला त्यांनी 'दोंगपो', पूर्वेचा उतार, असं म्हणवून घेतलं. चीनमध्ये आज सू शीपेक्षा सू दोंगपो हेच नाव जास्त चालतं.

1082 च्या वसंतात कविता लिहिल्या तेव्हा ते पंचेचाळिशीत होते. त्याच वर्षाच्या पावसाळ्यानंतर लाल कड्यावरच्या दोन प्रसिद्ध गद्यकाव्यांचाही जन्म झाला. पोटाची भ्रांत असलेलं हे वर्ष त्यांच्या लेखनातलं सगळ्यात भरघोस वर्ष आहे.

26 जानेवारी

'हानशी' म्हणजे थंड अन्नाचा सण. मकरसंक्रमणाच्या हिशेबानं नव्हे, हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसापासून 105 व्या दिवशी येतो, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला. चूल पेटवायची नाही, आधी शिजवलेलं थंड अन्न खायचं. त्यामागची कथा ज्ये झिथुईची : परागंदा राजपुत्राला भुकेच्या वेळी स्वतःच्या मांडीचं मांस खाऊ घालणारा सेवक. राजपुत्र पुढे जिन राज्याचा राजा झाला, तेव्हा बक्षीस न मागता झिथुई आईला घेऊन डोंगरात निघून गेला. त्याला बाहेर काढायला राजानं जंगल पेटवलं आणि तो त्यात जळून मेला. म्हणून त्या दिवशी आग नाही.

लगेच छिंगमिंग येतो, पूर्वजांची थडगी झाडायचा आणि तिथे कागदी नाणी वाहायचा दिवस. दुसऱ्या कवितेत कावळ्याच्या चोचीत जो कागद दिसतो, तो हा. ही टीप पट्टीवर द्यावीच लागेल, नाहीतर ती ओळ हवेत राहते.

2 फेब्रुवारी

पहिल्या कवितेचा मसुदा :

ह्वांगजौला आल्यापासून
हा तिसरा हानशी सरला.
दरवर्षी वाटतं, वसंत जपावा;
वसंत जपू देत नाही, निघून जातो.
यंदा त्यात पावसाचा जाच,
दोन महिने शरदासारखे उदास.
पडल्या पडल्या ऐकतो, हायथांगची फुलं,
लाली लावलेलं ते बर्फ, चिखलात माखलं.
अंधारात पाठीवर टाकून कुणी चोरून नेलं;
मध्यरात्री अंगात बळ असतं खरंच.
आजारी पडलेल्या तरुणासारखंच हे,
बिछान्यातून उठावं तर डोकं पांढरं होऊन.

हायथांग म्हणजे रानसफरचंदाच्या जातीचं फुलझाड. ते सिचुआनचं, सूंच्या गावाकडचं. ह्वांगजौला आल्यावर पहिल्याच वर्षी मठाजवळच्या टेकडीवर त्यांना एकुलतं एक हायथांग दिसलं होतं आणि इथल्या लोकांना त्याची किंमत नाही म्हणून त्यांनी त्यावर मोठी कविता लिहिली होती. या झाडात ते स्वतःला पाहत होते हे स्पष्ट आहे. दोन वर्षांनी त्याच फुलांचा चिखल झाल्याचं ऐकताना ते अंथरुणावर आहेत. म्हणून 'सफरचंदाची फुलं' असं सपाट न करता मी 'हायथांग' ठेवलं. आपल्याकडे पारिजातक म्हटल्यावर जे मनात येतं, तेवढं वजन त्या नावाला आहे.

अंधारातला बलवान माणूस प्राचीन चिनी तत्त्वज्ञ ज्वांगझींकडून आलाय. कुणी होडी घळीत लपवतो आणि समजतो की आता ती सुरक्षित आहे. मध्यरात्री एक बलवान येतो आणि ती पाठीवर घालून नेतो, झोपलेल्याला पत्ताही नाही. काळ तो. सूंच्या वाचकाला एवढ्या एका शब्दावर ही सगळी गोष्ट आठवायची.

9 फेब्रुवारी

दुरुस्त्यांच्या जागा प्रतिकृतीवर नोंदवल्या. पहिल्या कवितेच्या शेवटाला 'आजारी' हे अक्षर राहून गेलं होतं, ते बाजूला बारीक घातलंय. जवळच एक अक्षर ठिपके देऊन रद्द केलंय, दुसऱ्या कवितेत 'पाऊस' असंच रद्द झालंय. चिनी लेखक चुकीच्या अक्षरावर काट मारत नाही, शेजारी ठिपके देतो. अक्षर जिवंतच राहतं, वाचकानं ते सोडून पुढे जायचं. पट्टीवरही मी तसंच करणार आहे : रद्द शब्द फिक्या शाईत, बाजूला ठिपके.

16 फेब्रुवारी

आजचा दिवस फक्त हाताकडे पाहण्यात गेला. भाषांतर बंद ठेवलं.

सुरुवातीच्या ओळी सावध आहेत. अक्षरं लहान, एकमेकांपासून अंतर राखून, जरा उजवीकडे वर कललेली. 'ह्वांगजौला आल्यापासून' हे एखाद्या अर्जाच्या पहिल्या वाक्यासारखं शांत लिहिलंय. मग वसंत जायला लागतो तशी अक्षरांची रुंदी बदलते, जाड आणि बारीक रेषा शेजारी यायला लागतात. दुसऱ्या कवितेशी कुंचला मोकळा होतो. 'फुटकी चूल' ही दोन अक्षरं अवाढव्य आहेत, शाईनं भरलेली, शेजारच्या ओळींवर दबाव टाकणारी. कवितेतली सगळ्यात दरिद्री वस्तू कागदावर सगळ्यात मोठी.

काही अक्षरांची शेवटची उभी रेषा सरळ खाली खेचलेली आहे : 'वर्ष', 'मध्य', 'लव्हाळं', 'कागद'. 'कागद'ची तर इतकी लांब आणि टोकदार की त्या रेषेखाली दुसरं काही लिहायला जागाच नको वाटते. कावळ्याच्या चोचीतून लोंबणारा कागद त्यांना डोळ्यांपुढे दिसत होता की हाताला लय सापडली होती, हे वेगळं करता येत नाही आणि करायची गरजही नाही.

सू कुंचला धरत तो आजच्या लेखणीसारखा, मनगट कागदावर टेकवून. चिनी सुलेखनाचे गुरू हात अधांतरी ठेवायला सांगतात, त्याच्या हे विरुद्ध. ह्वांग थिंगज्येन यांनीच लिहून ठेवलंय की मनगट टेकलेलं आणि कुंचला आडवा, म्हणून अक्षराची डावी बाजू देखणी आणि उजवी कोरडी येते. दोघांची यावरून थट्टा चाले. सू म्हणत, तुझी अक्षरं झाडाच्या शेंड्याला लोंबणाऱ्या सापासारखी. ह्वांग म्हणत, तुमची दगडाखाली दबलेल्या बेडकासारखी. पसरट, बसकी, अंगानं भरलेली अक्षरं. ही ठेवण डोळ्यांत बसली की दुसऱ्या कवितेत ती कशी ताणली जाते ते कळतं.

1 मार्च

दुसरी कविता. हिला वेळ लागला.

वसंतातली नदी दारातून आत शिरू पाहते,
पावसाचा जोर काही ओसरत नाही.
माझं खोपट म्हणजे कोळ्याची होडी,
पाण्याच्या आणि ढगांच्या धुक्यात.
रित्या स्वयंपाकघरात थंड भाजी शिजवतो,
फुटक्या चुलीत ओली लव्हाळी जाळतो.
आज हानशी, हे कळणार कुठून?
कावळ्याच्या चोचीत कागद दिसला तेवढंच.
राजाचं दार नऊ दारांच्या आड,
घरची थडगी दहा हजार ली दूर.
वाट संपली म्हणून रडावं म्हणतो;
मेलेली राख, फुंकून पेटत नाही.

ताईंनी 'शिजवतो'वर बोट ठेवलं. सणाला चूल पेटवायची नसते, मग हा पेटवतोय कशी? हाच तर कवितेचा गाभा आहे. त्याला सण कळलेलाच नाही. ओली लव्हाळी धुमसताहेत, भाजी आधीच थंड आहे, म्हणजे नियम पाळला काय आणि मोडला काय, ताटात पडणार तेच. मग बाहेर कावळा दिसतो, आणि तेव्हा आठवण होते की लोक आज आपापल्या थडग्यांवर गेलेत.

'ली' हे अंतराचं चिनी माप. 'घरची थडगी' हे मी 'पूर्वजांची थडगी'च्या जागी घेतलं. मेइशानला सूंचे आईवडील तर आहेतच, त्यांच्या शेजारी पहिली पत्नी वांग फू आहे, 1065 मध्ये गेलेली. 'पूर्वज' म्हटलं की पिढ्यान्‌पिढ्या दूर जातात. इथे जवळची माणसं आहेत.

राजाचं दार आणि घरची थडगी, दोन्हीकडे जाता येत नाही. चाकरी नाही आणि पुत्रधर्मही नाही. त्या काळच्या सुशिक्षित चिनी माणसाकडे आयुष्यात धरायला या दोनच गोष्टी होत्या.

8 मार्च

शेवटच्या दोन ओळींच्या टिपा.

वाट संपली म्हणून रडणारा माणूस म्हणजे तिसऱ्या शतकातला कवी रुआन जी. गाडीत बसून वाट फुटेल तिकडे निघायचा आणि रस्ता संपला की तिथे रडून परत यायचा. 

मेलेली राख ही हान आनग्वो यांची. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला हा अधिकारी तुरुंगात असताना जेलर त्याला फार छळत होता. हान म्हणाला, मेलेली राख पुन्हा पेटणार नाही कशावरून? जेलर म्हणाला, पेटली तर मी तिच्यावर मुतेन. पुढे हानला पुन्हा मोठा हुद्दा मिळाला, जेलर पळाला; हाननं त्याला बोलावून घेतलं आणि चांगलं वागवलं. ही गोष्ट सीमा छ्येन यांच्या इतिहासात आहे आणि सूंच्या काळच्या प्रत्येक शिकलेल्या माणसाला पाठ होती. म्हणजे 'राख पेटत नाही' असं लिहिताना सू दरबारालाही काही सांगत आहेत : मी परत येण्याची वाट पाहत नाही, मला घाबरू नका. आणि त्याच वेळी ते खरंही आहे. पावसानं भिजलेल्या चुलीतली राख खरोखरच फुंकून पेटत नाही.

एवढी मोठी टीप चौकोनात मावणार नाही. रुआन जीला एक ओळ, हानला तीन. बाकी मागच्या बाजूला.

15 मार्च

मांडणीचा मोठा प्रश्न सोडवला. माझा मूळ विचार असा होता की वरची अक्षरं वाढतात तसं खालचं देवनागरीही वाढवावं. 'फुटक्या चुलीत' मोठ्या टायपात, 'ह्वांगजौला आल्यापासून' लहान टायपात. एक नमुना हातानंच लिहून पाहिला. दिसायला तो फार छान होता, आणि ताईंना दाखवल्यावर त्या बराच वेळ फक्त पट्टीच पाहत राहिल्या.

"ताई, वर बघा ना," मी म्हणाले.

"तेच तर. तू खाली एवढं केलंस की वर बघायची गरज राहिली नाही."

पट्टीनं सूंचा हात उसना घेतला की वाचकाची नजर खालीच थांबते. म्हणून आता सगळी पट्टी एकाच मापाच्या साध्या टायपात, करड्या शाईत. हात फक्त वरच. 'फुटक्या चुलीत' हे शब्द खाली शांत बसलेले असले की वाचक आपोआप मान वर करतो आणि मग ती दोन अक्षरं त्याच्या अंगावर येतात. नमुन्यावर हे तपासून पाहिलं, असंच होतं.

22 मार्च

गुंडाळी सूंच्या शेवटच्या ओळीवर संपत नाही. चिनी गुंडाळीला मागे कोरा कागद जोडतात, त्यावर पुढच्या पिढ्यांचे जाणकार अभिप्राय लिहितात. इथे पहिलाच अभिप्राय ह्वांग थिंगज्येन यांचा आहे आणि त्याचं अक्षर सूंच्या अक्षराच्या तोडीस तोड आहे, उंच, हातपाय लांब पसरणारं. शेंड्यावरचा साप खरोखर दिसतो.

साल साधारण 1100. ह्वांग स्वतः सिचुआनमध्ये हद्दपारी भोगून नुकते मोकळे झाले होते. छिंगशेन गावी ही गुंडाळी तिच्या तेव्हाच्या मालकानं त्यांच्यापुढे ठेवली. छिंगशेन मेइशानला लागून आहे, वांग फूचं माहेर तिथलंच. 'घरची थडगी दहा हजार ली दूर' असं जिच्यावर लिहिलंय ती गुंडाळी त्या थडग्यांच्या शेजारी पोचली होती, लिहिणारा मात्र तेव्हा देशाच्या पार दक्षिणेला, हायनानच्या हद्दपारीतून परतीच्या वाटेवर.

ह्वांग लिहितात : ही कविता आठव्या शतकातले थोर कवी ली बाई यांच्या कवितेसारखी आहे, किंबहुना ली बाई पोचले नसतील अशा जागाही तिच्यात आहेत. अक्षरात यान झेनछिंग, यांग निंगशी आणि ली ज्येनजोंग या आधीच्या तिन्ही सुलेखनकारांचा हात मिसळलाय. पुन्हा लिहायला बसवलं तर दोंगपोंनाही हे जमेलच असं नाही. आणि शेवटी : कधी दोंगपोंनी हे पाहिलं तर बुद्ध नसलेल्या जागी मी स्वतःला थोर म्हणवून घेतोय म्हणून मला हसतील.

सू 1101 मध्ये छांगजौला वारले. ह्वांग 1105 मध्ये, आणखी एका हद्दपारीत.

'पुन्हा जमणार नाही' हे वाक्य मला या सगळ्या कामाची चावी वाटतं. सूंच्या हातची सुबक, ठरवून केलेली लेखनंही आहेत. ह्वांग यांना ती सगळी माहीत होती. तरी त्यांनी निवडलं ते हे, ठिपके देऊन शब्द रद्द केलेलं, ओळ कुठेही मोडणारं.

30 मार्च

पुढचा प्रवास. पट्टीवर याला अर्धाच चौकोन आहे, पण मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते यानं.

1103 मध्ये दरबारानं सू आणि ह्वांग यांच्या ग्रंथांचे छपाईचे लाकडी ठोकळे नष्ट करायचा हुकूम काढला. त्यांचं हस्ताक्षर घरात असणं जोखमीचं झालं. ही गुंडाळी सिचुआनच्या एका घरात टिकली. पुढे युआन राजवंशाच्या राजवाड्याचा शिक्का, मिंग राजवंशाच्या काळात सुलेखनकार दोंग छीछांग यांचा अभिप्राय : आयुष्यात दोंगपोंचे तीसहून अधिक अस्सल लेख पाहिले, त्यांत हा पहिला. मग छिंग सम्राट छ्येनलोंग यांचा संग्रह. गुंडाळीच्या तोंडाशी त्यांनी चार मोठी अक्षरं लिहिली, 'हिमगृहाचा मागे रेंगाळणारा सूर'. हिमगृह म्हणजे सूंनी 1082 मध्येच, बर्फ पडत असताना, आपल्या शेतावर बांधलेली खोली. तिच्या भिंतींवर त्यांनी बर्फच रंगवला होता.

1860. ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्यानं बीजिंगजवळचा युआनमिंगयुआन राजवाडा लुटला, ब्रिटिशांनी जाळला. गुंडाळी बाहेर पडली. खालच्या कडेला भाजल्याच्या खुणा आहेत, त्या तेव्हाच्या असं जपानी अभ्यासक नाइतो कोनान सांगतात. अक्षरं वाचली. मग ग्वांगदोंगचे संग्राहक फंग जानयुन, आणखी काही हात, आणि 1922 मध्ये ती जपानला गेली, तोक्योच्या किकुची सेइदो यांच्याकडे.

1 सप्टेंबर 1923, कांतोचा महाभूकंप. किकुचींच्या घराला आग लागली, पिढ्यांचा संग्रह जळाला. जिवावर उदार होऊन त्यांनी दोन गुंडाळ्या बाहेर काढल्या : ही, आणि चित्रकार ली गोंगलिन यांच्या नावानं ओळखलं जाणारं श्याव-श्यांग नद्यांचं निसर्गचित्र, जे आज तोक्यो नॅशनल म्युझियममध्ये आहे. हे सगळं आपल्याला कळतं कारण त्यानंतर गुंडाळी काही महिने नाइतोंच्या घरी होती आणि 1924 मध्ये त्यांनी हा प्रसंग तिच्याच शेपटाला लिहून ठेवला. महायुद्धानंतर चीनचे माजी परराष्ट्रमंत्री वांग शिज्ये यांनी ती जपानमधून विकत घेतली, त्यांचाही अभिप्राय आत आहे. 1987 मध्ये संग्रहालयानं घेतली.

ज्या लेखात 'मेलेली राख, फुंकून पेटत नाही' असं आहे तो दोनदा आगीतून गेला. हे वाक्य पट्टीवर घालायचा मोह झाला होता, पण काढून टाकलं. वाचकाला कडेच्या खुणा दाखवायच्या, जोडणी त्याची तो करेल.

5 एप्रिल

वाचन झालं. मोजकीच माणसं, लांब टेबल. दोघांनी गुंडाळी धरायची आणि सरकवायची, बाकीच्यांनी वाचायचं, मग पाळी बदलायची. चौकोनांची उलटी दिशा कुणालाच फार अडली नाही. 'मेलेली राख'ची टीप वाचताना जेलरच्या उत्तरावर सगळे हसले आणि लगेच वर शेवटच्या ओळीकडे पाहायला वाकले.

एका निवृत्त ड्राफ्ट्समन काकांनी विचारलं, "शाई कुठे कुठे बुडवलीय ते कळतं का हो?" कळतं. भरलेलं, जाड, कडा फुगलेलं अक्षर आलं की तिथे कुंचला नुकताच शाईत जाऊन आलाय. पुढे रेषा सुकत जाते, मध्ये कागद दिसायला लागतो. काका भिंग घेऊन बसले आणि पेन्सिलीनं ट्रेसिंग पेपरवर खुणा करत गेले. त्यांच्या खुणा पाहिल्यावर असं लक्षात आलं की श्वास कवितेच्या चरणाला धरून घेतलेला नाही. चरणाच्या मध्येच शाई संपते आणि तरी ते ओढत नेतात. हे आमच्या आधीच्या कुठल्याही टिपेत नव्हतं.

8 एप्रिल

अंतिम बदल. 'ऐकतो' राहू दिलं. 'खोपट' राहू दिलं. 'मध्यरात्री अंगात बळ असतं खरंच' ही ओळ ताईंच्या आग्रहानं 'मध्यरात्रीचा तो खरंच बलवान' अशी केली, ज्वांगझींचा माणूस आता नीट उभा राहतो. हानशीच्या टिपेत 105 दिवसांचा हिशेब आणि छिंगमिंग दोन्ही आले. काकांच्या शाईच्या खुणा पट्टीच्या वरच्या कडेला बारीक त्रिकोणांनी दाखवल्या आहेत, ज्याला नको असतील त्याला त्या दिसणारही नाहीत.

कागद जाडसर, न चमकणारा. पट्टी घडीची नाही, गुंडाळायचीच, प्रतिकृतीबरोबर.

ह्वांग आणि नाइतो यांच्या अभिप्रायांची पट्टी वेगळी करायची असं ठरलं. ह्वांग यांच्या मजकुराचा पहिला मसुदा आज ताईंकडे पाठवला.